उजव्या बैलाचा कासरा

दोन इंजिनांच्या विमानातलं एक इंजिन हवेत बंद पडलं तर काय करायचं, हे मला पहिल्यांदा शिकवलं गेलं तेव्हा ती मागच्या सीटवर बसून बघत होती. सगळं तिथूनच बिनसलं. ती मागं नसती तर माझी चूक माझ्यापाशीच राहिली असती.

आम्ही नांदेडला विमान उडवायला शिकत होतो. एका इंजिनाचं लायसन दोघांच्याही हातात आलं होतं, आता दोन इंजिनांचं शिक्षण चालू होतं. शिकवणारे सर नांदेडचेच, दख्खनी शीख, हवाई दलातून निवृत्त झालेले. एकाच वाक्यात ते मराठी, हिंदी आणि दख्खनी बोलायचे, आणि रागावले की नुसती दख्खनी. त्यांचा एक नियम होता. एकाचा धडा चालू असताना दुसऱ्यानं मागं बसायचं, पट्टा बांधून आणि तोंड शिवून. "अपनी गलती से तो गधा भी सीखता," ते म्हणायचे, "दूसरे की देख के सीखो." नियमात वाईट काही नव्हतं. फक्त माझ्या मागं ती बसायची आणि तिच्या मागं मी.

ती उदगीरची. घरची दालमिल, आडत दुकान, बाजारात शब्दाला वजन असलेलं लिंगायत घराणं. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून जी समिती होती तिच्यात तिचे वडील पुढं असायचे. त्या वर्षी ती मागणी पुन्हा पेटली होती. आज बंद, उद्या रास्ता रोको. सोमवारी घरून परत आली की नव्या जिल्ह्यात कोणकोणते तालुके येणार हे ती चहा पिता पिता सांगायची. मी उमरीकडचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, सरकारी शिष्यवृत्तीवर आलेला. तिचं गाव आज ना उद्या जिल्हा होणार होतं आणि आमची उमरी तालुका होऊनच दमली होती. हसू नका, मला त्याचंही वाईट वाटायचं.

आणि ती चांगली उडवायची. हे वाक्य लिहायला मला आजही जड जातं, म्हणून एकदाच लिहितो. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे. कपाळाला विभूती लावून हँगरवर यायची ती अशी निवांत, की जणू दळण टाकायला निघाली आहे. मी मारुतीला जाऊन, दोन कप चहा रिचवून, विमानाला तीन प्रदक्षिणा घालून येत असे आणि तरी माझ्या तळहाताला घाम असे. एवढं निवांत राहणं हा घरात पैसा असल्याचा गुण आहे, असं मी माझ्या मनाला सांगून टाकलं होतं. पुढं मला पैसेवाल्यांची पोरंही थरथरताना दिसली, पण तोवर माझं मत पक्कं झालं होतं.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित असं आमच्या गावात सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं. सरांनी पहिल्याच दिवशी ते डोक्यातून काढलं. डावं इंजिन बंद पडलं की उजवं एकटंच ओढत राहतं आणि विमान डावीकडं फिरायला लागतं. शिवाय मेलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्यानं नुसताच गरगरतो आणि विमानाला मागं खेचतो. तेव्हा आधी उजवा पाय दाबून नाक सरळ धरायचं. जो पाय रिकामा राहिला त्या बाजूचं इंजिन मेलेलं. मग त्या पंख्याची पाती वळवून त्यांची धार वाऱ्याकडं करायची, म्हणजे तो फिरायचा थांबतो. आणि चालू इंजिनाला पूर्ण ताकदीनं चालू द्यायचं, कारण घरी नेणार असेल तर तेच नेणार. "खाली पैर, मुर्दा इंजन," असं सर म्हणायचे. आम्ही ते जेवताना, आंघोळ करताना घोकायचो.

पाठ होतं मला सगळं. तरीही धर्माबादच्या अलीकडं कुठंतरी सरांनी बोलता बोलता डाव्या इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा मागं ओढला, विमान डावीकडं वळलं, आणि माझ्या हातानं उजव्या इंजिनाचा दांडा मागं घेतला. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. डावा दांडा सरांच्या मुठीत होता, तो मी पुढं ढकलायला लागलो. मेलेल्याला टोचणी आणि जित्याला लगाम. दोन्ही इंजिनं मुकाट झाली आणि विमान हळूहळू खाली बसायला लागलं.

माझ्या हाताची शाळा वेगळी होती. मिसरूड फुटायच्या आधीपासून मी वडिलांबरोबर औत धरलेलं. जोडीतला डावा बैल ढिला पडला की उजवा पुढं निघतो आणि औत डावीकडं जातं. तेव्हा उजव्याचा कासरा ओढायचा, त्याला आवरायचं आणि डाव्याला टोचायचं. न आवरलं तर ताकदवान बैलच सगळं उलथून टाकतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. विमानाला कळत नाही, यात माझा काय दोष?

"क्या रे, बैलां हाकलरा क्या तू?" सर ओरडले. "इंजन है ये! बैल नक्को समझ!"

मागून एक बारीक आवाज आला. ती म्हणते ती खोकली. मी म्हणतो ती हसली. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

खाली उतरेपर्यंत माझं बारसं झालं होतं. सर मला 'बैलगाडी' म्हणायला लागले. मेकॅनिक म्हणायला लागले, मग कँटीनवाला. त्याच दुपारी तिचा धडा झाला आणि मी मागं बसलो. सरांनी तिचं उजवं इंजिन ओढलं. तिनं डावा पाय दाबला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली, कोणतं इंजिन मेलं याची बोट ठेवून खात्री केली आणि नाक सुतात ठेवलं. मी खिडकीतून बघत होतो की निदान पंख तरी थोडा कलंडतो का. नाही कलंडला. "शाबास बेटी," सर म्हणाले. मी त्यांच्याकडं तिच्या आधीपासून शिकत होतो, पण मला ते कधी बेटा म्हणाले नाहीत.

बैलाची खोड माझ्या हातातून जायला बरेच दिवस गेले. दर वेळी ती मागं, दर वेळी सरांचा आरडाओरडा. एकदा कँटीनमध्ये ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही तो उजवा दांडा मागं का घेता?"

मला वाटलं, चिडवायला आली आहे. मी म्हटलं, "तुम्ही औत धरलंय का कधी?"

"न्हाई. आमची शेती बटाईनं असते."

"मंग तुम्हाला काय सांगू?"

"सांगा तर."

सांगितलं मी. चांगलं फणकाऱ्यानं सांगितलं. कशी मूठ बसते, कासरा किती ओढायचा, उजव्याच्या मानेत जोर आला की औताचा फाळ कसा सुटतो. "भरल्या अंगाच्या बैलाला येळंवर आवरला न्हाई ना," मी म्हटलं, "तर मेलेला बैल मारत न्हाई, जिता मारतो." ती ऐकत होती. टेबलावर दोन चमचे होते, त्यातला एक तिनं हळूच मागं ओढून पाहिला. मग "बरं" म्हणून उठून गेली. मला वाटलं, आता हे सगळं सरांना सांगून हसणार.

ते वर्ष दुष्काळाचं होतं, आणि त्याच्या आधीचंही दुष्काळाचंच. नांदेडला गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची. लातूरची कथा त्याहून वाईट, तिथं घागरींच्या रांगा गल्लीतून निघून बाजारापर्यंत जायच्या. वरून आम्हाला सगळंच दिसायचं. विहिरींचे तळ दिसायचे, चारा छावण्यांचे पत्रे दिसायचे आणि धुराळा उडवत जाणारे टँकर दिसायचे. ढग यायचे, नाही असं नाही. आमच्या उमरीच्या शिवारावरून ते रोज दुपारी सावली टाकत जायचे आणि तिकडं तेलंगणात जाऊन मोकळे व्हायचे. माझे वडील बांधावर उभं राहून त्यांना शिव्या द्यायचे.

तेव्हाच ढगांत मीठ फवारून पाऊस पाडणाऱ्या एका कंपनीनं लातूरबाहेरची एक छोटी धावपट्टी तात्पुरती घेतली. दोन इंजिनांचं विमान, पंखांखाली नळकांड्या. मोठा कॅप्टन त्यांचाच, बाहेरचा. पण शेजारच्या सीटवर या भागातला, इथली गावं वरून ओळखणारा एक पायलट त्यांना पाहिजे होता. एकच. सरांनी दोन नावं दिली.

ती सीट मला पाहिजे होती. तशी मला आयुष्यात पुढं कुठलीही गोष्ट पाहिजे झाली नाही, नोकरी नाही, घर नाही. वडील ज्या ढगांना शिव्या देत होते ते ढग मला आमच्याच शिवारावर गाठायचे होते. शिवाय, आणि हे शिवाय लहान नव्हतं, ती सीट तिला मिळू नये असं मला वाटत होतं. तिला काय कमी होतं? तिच्याकडं तर होऊ घातलेला अख्खा जिल्हा होता.

कॅप्टन आला तो कमी बोलणारा, काळा चष्मा, दाढी गुळगुळीत. त्यानं सोपा हिशोब मांडला. नांदेडहून लातूरला ती कंपनीचं विमान नेईल, तो शेजारी बसेल आणि वाटेत कधीतरी तिचं एक इंजिन बंद करून बघेल. परतीला मी आणीन, माझंही तसंच बघेल. संध्याकाळी सांगेल. सरांच्या नियमाप्रमाणं दुसऱ्यानं मागं बसायचं.

म्हणून मी मागं बसलो. मीठ फवारणाऱ्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाची ती अरुंद जागा होती, गुडघे छातीला लागत होते. खाली लोह्याचा परिसर मागं पडला आणि मी एकच मागणं मागत होतो, की हिच्या हातून काहीतरी चुकू दे. आपण ज्या विमानात बसलो आहोत ते विमान चालवणारी चुकावी, असं मी मागत होतो. आमच्याकडं म्हणतात ना, नवरा मेला तरी चालेल पण सवत रंडकी झाली पाहिजे. ती म्हण ज्यानं काढली तो माझ्यासारखाच कुठंतरी मागच्या सीटवर बसला असणार.

अहमदपूर मागं टाकलं आणि डाव्या इंजिनाच्या तेलाचा काटा खाली यायला लागला. मला मागून दिसला. मला वाटलं, झाली परीक्षा सुरू. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं कॅप्टनकडं बघितलं.

"सर, ये आपने किया?"

"मैंने कुछ नहीं किया," कॅप्टन म्हणाला आणि त्यानं काळा चष्मा काढला.

तेवढ्यात इंजिन खडखडलं. विमान डावीकडं वळलं, तिचा उजवा पाय गेला, नाक सरळ झालं. डावा पाय रिकामा. तिनं डाव्या दांड्यावर हात ठेवला, कॅप्टननं मान हलवली, तिनं इंजिन बंद करून पंख्याची पाती वळवली. माझ्या खिडकीबाहेर तो पंखा थांबला. हवेत असताना थांबलेला पंखा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. जीव वाचू दे, असं मी म्हणालो, आणि लागलीच दुसरा विचार आला, की हे माझ्या पाळीत का नाही झालं. खरंखुरं इंजिन मेलं, आणि तेही तिच्याच वाट्याला.

लातूर जवळ होतं. कॅप्टन रेडिओवर बोलला, विमान तिच्याच हातात ठेवलं. ती एका इंजिनावर उंची राखत, एका गावाचं नाव मोठ्यानं घेत, पुढचं शोधत गेली. धावपट्टी समोर आली. तिनं चाकं सोडली, पंखांच्या झडपा पूर्ण उघडल्या, विमान जड होऊन खाली यायला लागलं. एका इंजिनावर उतरताना एवढं झालं की मग उतरायचंच असतं, पुन्हा वर जायचा विचार करायचा नसतो. सरांनी ते आम्हाला शंभरदा सांगितलं होतं.

धावपट्टीच्या पलीकडं चारा छावणी होती. टँकर आला असावा. छावणीतली जनावरं दावणी तोडल्यागत पाण्याच्या वासावर निघाली आणि सरळ धावपट्टीवर पसरली. पुढं म्हशी, मागं बैल, त्यांच्या मागं काठ्या घेतलेली माणसं.

जे कुणीही केलं असतं तेच तिनं केलं. उजवं इंजिन पूर्ण ताकदीवर नेलं आणि नाक वर घेतलं. आणि तीच चूक होती. वेग कमी होता, उजवं इंजिन एकटंच गर्जत होतं, आणि एका ठरावीक वेगाखाली कितीही पाय दाबला तरी विमान सरळ राहत नाही. तिचा उजवा पाय पार तळाला टेकला होता. तरी नाक डावीकडं चाललं आणि डावा पंख खाली जायला लागला. खाली म्हणजे जनावरांच्या शिंगांकडं. हे मला पाहिजे होतं. अगदी हेच मी लोह्यापासून मागत आलो होतो. ते समोर आलं आणि मी मोठ्यानं "आई" म्हणून ओरडलो.

कॅप्टनचा हात दांड्याकडं निघाला. त्याच्या आधी तिचा पोचला. तिनं उजवा दांडा मागं ओढला.

हातभर नाही, सगळा नाही. मूठ घट्ट धरून, जोर बघत, आवरत ओढला. कासरा ओढतात तसा. त्याच वेळी नाक खाली दाबलं. उजव्याचा जोर ओसरला तसा डावा पंख वर आला आणि विमान पुन्हा तिचं ऐकायला लागलं. धावपट्टीच्या उजव्या बाजूला पडीक रान होतं, दोन वर्षांत नांगर न लागलेलं, टणक. ती तिकडं वळली आणि तिथं उतरली. माझे दात एकमेकांवर आपटले. धुरळ्यानं काचा झाकल्या. मग सगळं थांबलं.

कॅप्टननं एक एक बटण बंद केलं आणि मग विचारलं, "पॉवर पीछे लेना, ये हाथ को किसने सिखाया? किताब में सब पढ़ते हैं. उस टाइम पे हाथ नहीं जाता किसीका."

तिनं मागं वळून माझ्याकडं बोट केलं.

"दादा ने सिखाया. दाहिने बैल का कासरा."

कॅप्टननं मागं बघितलं. मी गुडघे छातीला लावून बसलेला, तोंडात माती. त्यानं मला मान लववली. आदरानंच लववली. आणि मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? माझ्या घरात दिवसाढवळ्या चोरी झाल्यासारखं वाटलं. ज्या एका गोष्टीपायी मी महिनोन् महिने शिव्या खाल्ल्या, बैलगाडी म्हणवून घेतलं, जी माझ्या बापाच्या औतावरून माझ्या हातात आली होती आणि जी मी रडत-कुढत हातातून काढून टाकली होती, ती हिनं कँटीनमध्ये दोन चमच्यांवर उचलली आणि जिथं ती कामाची होती नेमकी तिथंच वापरली. तिच्या जागी मी असतो तर? सरांनी माझी खोड इतकी पक्की मोडली होती, की मी उजवं इंजिन शेवटपर्यंत पुढंच दाबून धरलं असतं. हे मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं. माझ्याकडं चांगलं काही नव्हतंच म्हणा, पण हिनं माझी चूकसुद्धा नेली.

दार उघडून उतरलो तोवर छावणीतली माणसं काठ्या घेऊन भोवती जमली होती. त्या दिवसांत गावोगाव एक वावडी होती, की ही विमानं पाऊस पाडत नाहीत, उलट ढग पळवून लावतात. "ढग हाकलाया आलाव का?" एक म्हातारा ओरडला. "म्हशी बुजवल्या आमच्या!" कॅप्टन विमानाच्या आडोशाला सरकला. मला वाटलं, आता तरी माझी पाळी. मी शेतकऱ्याचा पोरगा, यांची भाषा माझी. मी पुढं होऊन "काका, आमचं ऐकून तर घ्या" एवढं म्हणेपर्यंत ती म्हाताऱ्यापुढं गेली होती.

"न्हाई हो अज्जा, ढग हाकलायला न्हाई. इंजिन बंद पडलंय आमचं. जनावराला लागलं का कुठं? दाखवा मला."

आणि ती खरंच प्रत्येक म्हैस बघत फिरली. निलंग्याकडच्या एका म्हातारीशी ती कानडीत बोलली, त्यात दोघी हसल्यासुद्धा. जरा वेळानं त्या म्हातारीनं टँकरचं पाणी तांब्यात भरून आणलं. त्या पाण्यासाठी बायका पहाटेपासून थांबल्या असणार. आधी तिला दिलं. मग कॅप्टनला. मग तांब्यात उरलं ते मला.

परतीचा प्रवास झालाच नाही. इंजिन उघडावं लागणार होतं. कॅप्टन म्हणाला, "तुम्हारा बाद में देखते हैं." आम्ही दोघं एसटीनं नांदेडला आलो. तिनं खिडकीची जागा मला दिली आणि मी ती घेतली. वाटेत ती झोपली आणि मी लोह्यापर्यंत मनातल्या मनात माझी परीक्षा देत राहिलो. सगळ्या वेळा पास झालो.

सरांना कळलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तोवर कधी ठेवला नव्हता. "मैं पढ़ाया, सीखी वो तेरे से," ते म्हणाले. "उस्ताद निकला रे तू." उस्ताद म्हणायचं आणि सीट शागिर्दाला द्यायची, अशी ही तऱ्हा. 'बाद में' काही आलं नाही. कंपनीला घाई होती, आभाळात ढग असतील तेवढेच दिवस त्यांचे. इंजिन दुरुस्त झालं आणि तिला बोलावणं आलं.

ते सांगायला ती स्वतः आली. हँगरच्या सावलीत उभी राहिली, बराच वेळ चपलेनं माती उकरत. मग म्हणाली, "दादा, तुमची परीक्षा झालीच न्हाई. हे बरोबर न्हाई. मी त्यांना न्हाई म्हणून कळवू का? तुमची घ्या म्हणते आधी."

कळवा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. आणि ती कळवणार होती, हे मला तिच्या तोंडाकडं बघून दिसत होतं. एखादा माणूस वाईट असता तर त्याच्यावर जळणं किती सोपं गेलं असतं.

"येडं लागलं का तुम्हाला?" मी म्हटलं. "जावा."

ती गेली. मी नांदेडलाच राहिलो. नव्या पोरांना एका इंजिनाचं विमान शिकवायला सरांनी मला हाताखाली घेतलं. रोज दुपारी दक्षिणेकडं ढग जमले की काही ना काही काम काढून मी बाहेर यायचो आणि आवाज येतो का बघायचो. नांदेडपर्यंत आवाज यायचा नाही.

एका संध्याकाळी आईचा फोन आला. माझी आई फोनवर बोलते ती विहिरीवरून हाका मारल्यासारखी.

"आरं, आज दुपारी इमान आलतं की आपल्या शिवारावर! समदं गाव माळवदावर चढलं. दोनदा फिरून गेलं, लई खाली. तुझे बापू पटका हालवून राहिले व्हते."

"पाऊस?"

"शितुडं पडले. जमीन बी भिजली न्हाई. पन पडले." मग तिनं विचारलं, "तूच व्हतास न्हवं रं त्यात?"

बापूंचा पटका माझ्या डोळ्यांसमोर आला. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"न्हाई आई," मी म्हटलं. "ती होती."

"ती मंजी? उदगीरची?"

"हाव."

आईला सगळं ठाऊक होतं. दर फोनला मी तिच्यापाशी तेच तर उगाळत आलो होतो, चमचे, कासरा, तांब्या, सगळं. आता आई तिला दोन शब्द बोलेल म्हणून मी वाट बघत राहिलो. माझी आईच ती, माझ्याच बाजूनं बोलणार. पलीकडं तिनं लांब श्वास सोडला.

"एकटीच ऱ्हाती का रं ती पोर तिकडं, घर सोडून?" आई म्हणाली. "येळंवर जेवती का न्हाई?"

तोवर हा प्रश्न आईनं जगात फक्त मला विचारला होता.